शिवणीत गेलेली चूक

बाई, तुम्ही खोटं बोललात. तेही सरळ बोलला नाहीत, "आता कोणाकोणाचं लक्षात ठेवू" असं गोल बोललात. बोलताना तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसत होतात. समोर नागपूरचा परीक्षक बसला होता, आणि टेबलापलीकडे दीपमाला मून हातात स्वेटर घेऊन उभी होती. तो स्वेटर तिनं तुमच्या डोळ्यांसमोर विणला होता. तुमचं नाव घ्यायची गरज नाही, परीक्षा केंद्राच्या बाई एवढं पुरे आहे. काय काय झालं ते आता सगळ्यांपुढे पहिल्यापासून सांगायचंय, तुम्हीही ऐका. त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत नाही, आणि उरलेलं अर्धं आठवत नाही असं तुम्हीच म्हणता.

दीपमालेला विणकाम आलं ते नागपूरला. अजनीच्या रेल्वे क्वार्टरात तिची मावशी राहायची. शेजारी एक पंजाबी काकू होत्या. त्या दुपारभर उन्हात बसून विणायच्या आणि दहा वर्षांची दीपमाला त्यांच्या पायाशी बसून बघायची. त्यामुळे तिच्या तोंडी टाके आले नाहीत, फंदे आले. सुया आल्या नाहीत, सलाया आल्या. लग्न होऊन ती देवळीजवळच्या खेड्यात आली तेव्हा सासूनं, शकुबाईनं, तिच्या पेटीत सलाया बघितल्या आणि विचारलं, "हे काय व? वांगे भाजाच्या सळया माहेराहून आणल्या काय?"

आमच्याकडे स्वेटर लागतो किती दिवस? दिवाळी सरली की काढायचा आणि संक्रांत झाली की पेटीत टाकायचा. बाकी वर्षभर माणूस अंगातलं बनियनसुद्धा काढून फेकतो. अशा मुलखात ही बाई विणत होती. आधी साधे विणले, मग जाळीचे विणायला लागली. जाळीचा पहिला तुकडा शकुबाईनं दिव्यासमोर धरला. आरपार दिसत होतं.

"स्वेटरले भोकं काऊन ठेवले?"

"डिझाइन हाय ते, आत्याबाई."

"थंडीले आत याले खिडक्या केल्या म्हणते मी."

पण तोच तुकडा घेऊन शकुबाई शेजारणीकडे गेली आणि "माह्या सुनेनं केलं" म्हणून दाखवून आली. हे दीपमालेला नंतर कळलं.

समुद्रपूरला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या शिवण-विणकाम शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या. वसतिगृहाच्या अधीक्षक मेघाताईंनी दीपमालेचं काम बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "हात चांगला हाय तुहा. पण हाताचा फोटो काढून वर पाठवता येत नाई. मले कागद पाह्यजे. परीक्षा पास हो, जागा तुहीच." जागेबरोबर राहायला खोली होती. दीपमालेचा नवरा रुपेश जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाचा हंगाम असेल तेव्हा कामाला, नसेल तेव्हा घरी. स्वतःच्या नावाची नोकरी, स्वतःच्या नावाची खोली हे दीपमालेच्या घरात आजवर कोणाला मिळालं नव्हतं. तिनं देवळीच्या केंद्रात वर्ग लावला. एसटीनं जायची, एसटीनं यायची, आणि डब्यात भाकरीसोबत उनाचा, म्हणजे लोकरीचा, गोळा असायचा.

वर्गाला शिकवायला ह्याच बाई होत्या. खोटं कशाला बोला, त्या चांगलं शिकवायच्या. जाळीचं गणित त्यांनी सोपं करून सांगितलं. धागा पुढे घेऊन विणलं की एक भोक पडतं आणि सलाईवर एक फंदा वाढतो. वाढलेला फंदा शेजारचे दोन एकत्र विणून परत कमी करायचा. भोक पाडायचं आणि हिशेब मिटवायचा, बस. त्याच पद्धतीनं पानं येतात, मधे शीर आणि दोन्ही बाजूंना भोकांची ओळ. आणि बाईंनी आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: "जाळी सलाईवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या पदरासारखी असते. ती रिठ्याच्या पाण्यात ओली करा, ताणून टोचा, वाळू द्या, मग जोडा. न धुता जोडलेला जाळीचा स्वेटर माझ्यापुढे आणायचा नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

परीक्षेचा नमुना वरून ठरून येतो. या वेळी आला तो लहान मुलीचा पानांच्या जाळीचा स्वेटर, डोक्यातून घालायचा, तुकड्यांत विणलेला. पाठ वेगळी, छाती वेगळी, दोन बाह्या वेगळ्या. सगळे तुकडे शिवून जोडायचे आणि शेवटी गळ्याचे फंदे उचलून पट्टी काढायची. गोल सलाईवर एकसंध विणलेला चालणार नाही. एकसंध विणलं की बरंच काही झाकलं जातं. तुकड्यांत मात्र सगळं उघडं पडतं. सोमवारी हात सैल होता का, मंगळवारी नवऱ्याशी भांडण झालं होतं का, हे दोन बाह्या एकमेकींवर ठेवल्या की कळतं.

विणायचं केंद्राच्या हॉलमध्येच. तुकडा सलाईवरून उतरला की बाईंकडे न्यायचा, बाई त्यावर शिक्का मारणार. संध्याकाळी सगळं ट्रंकेत, कुलूप शिपाई बाबाराव लावणार. शेवटी चारही तुकडे घरी न्यायचे, जोडून, नीट करून सोमवारी परीक्षकापुढे ठेवायचे. शिक्का कशासाठी, तर घरून आणलेला स्वेटर हॉलमध्ये विणलेल्याच तुकड्यांचा आहे हे कळावं म्हणून.

आता जाळीवर शिक्का मारायचा कुठं? भोकांतून शाई टेबलावर जायची. म्हणून बाई खालच्या काठावर, पट्टीवर, दाबून मारायच्या. मारताना फोनवर असायच्या. भाचीच्या लग्नाची साडी ठरत होती. "हिरवी नको गं, हिरवी सगळेच घेतात," धप्प. "आणि काठ मोठा नको," धप्प. कोणाचा तुकडा आहे, समोर कोण उभं आहे, मान वर नाही. दीपमालेची पाठ, छाती आणि डावी बाही अशीच जांभळा शिक्का घेऊन ट्रंकेत गेली.

उजव्या बाहीच्या वेळी मात्र बाईंनी बघितलं होतं.

दुपार उतरली होती. हॉलमध्ये सलायांचा आवाज आणि कोणाचा तरी खोकला. दीपमाला मनगटाकडून वर चढत होती. बाई मागून आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आटप गं, तूच राहिलीस." दीपमाला दचकली. दचकताना धागा पुढे घ्यायचा राहिला. चार-पाच ओळी वर गेल्यावर तिला दिसलं, पान एका बाजूनं आंधळं होतं. शिरेच्या डावीकडे भोकं, उजवीकडे एका जागी काहीच नाही. साधं विणकाम उसवलं तर फंदे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहतात, जाळी उसवली की ते सुट्टी झाल्यासारखे पळतात. तरी तिनं सलाई ओढायला घेतली.

"थांब, थांब." बाई वाकल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. "हं. काठालाच आहे. उसवू नको, वेळ जाईल. बगलेखालच्या शिवणीत जाईल हे. कोणाच्या बापाला दिसत नाही."

"परीक्षकाले?"

"त्याच्या बापालापण नाही." बाई हसल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "माझ्या परीक्षेत मीपण एक अशीच शिवणीत खपवली होती. सांगू नको कोणाला."

दीपमालेनं कोणाला सांगितलं नाही. पुढच्या ओळीत एक फंदा वाढवून तिनं हिशेब जुळवला आणि बाही पूर्ण केली. त्या हसण्यानं तिला फार बरं वाटलं होतं. बाई आपल्या वाटल्या होत्या.

रविवारी सकाळी तिनं अंगणात घमेलं मांडलं. रिठे रात्रीच भिजत घातले होते. पाण्याला फेस आला तेव्हा शकुबाई तुरीच्या शेंगांची पाटी घेऊन शेजारी येऊन बसली.

"अव, त्या शिक्क्याचं काय? धुतलं तं जाईन ना तो."

दीपमालेचा हात थांबला. ती विचारात पडली, खरंच पडली. मग म्हणाली, "मतदानाची शाई गेलती काय?"

"नाई."

"तुम्ही तं राखेनं घासली होती."

"राखेनं घासली, निंबू चोळला, घासलेट बी लावलं. त्या बोटानं भाकर थापाले मले कसंतरीच वाटे. नाई गेली बाप्पा. नख वाढलं तवा गेली."

"मग? ते बी सरकारी, हे बी सरकारी. शाई एकच असन ना."

शकुबाईला हे पटलं. कोणालाही पटलं असतं. आमच्या लोकांच्या अंगावर सरकारची जी काय एक खूण पडते ती मतदानाच्या दिवशी, बोटावर, आणि ती महिनोन्महिने जात नाही. सरकारी शाई कच्ची असते हे आम्हाला कोणी सांगितलं होतं?

पहिली बाही पाण्यात गेली आणि घमेल्यात जांभळांचा रस सांडल्यासारखं झालं. दीपमालेनं ती उचलली तोवर शिक्क्याची अक्षरं निघून गेली होती. घाबरून तिनं दुसरा तुकडा उचलायला हात घातला, तर तो आधीच त्याच पाण्यात बुडाला होता. तिसरा तिनं घाईत कोरडं समजून फडक्यात धरला, पण फडकंही ओलं होतं. पाठीवरचा शिक्का तेवढा अर्धा उरला, आणि त्याचा डाग झाला, वाटीएवढा, फिकट.

"शाई भलतीच निघाली व," शकुबाई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तो डाग राहू दे. जसा हाय तसा राहू दे. कायतरी दिसन त्याइले."

"डाग घेऊन परीक्षेले जाऊ? म्हणतीन, हिले धुता बी येत नाई."

"म्हणू दे."

"आणि एवढा एक तुकडा डागाचा, बाकी तीन बिनशिक्क्याचे. मग तं आणखीनच वाईट दिसन."

"मी म्हातारी हाय, मले सलाई धरता येत नाई. पण मले एवढं कळते का शिक्का गेला तं माणूस गेलं."

"बाई हाय ना तिथं," दीपमाला म्हणाली. "बाईनं पाह्यलं हाय मले विणताना. माह्या खांद्यावर हात ठेवला त्याइनं. त्या सांगतीन."

आणि तिनं निंबू कापून तो डागही काढला.

मग तिनं बाजेवर गोधडी घातली, वर धुतलेली चादर. घरातल्या टाचण्या गंजलेल्या, त्यांचे ठिपके पडले असते, म्हणून बांधावरच्या बाभळीचे काटे तोडून आणले आणि चारही तुकडे मापाला ताणून काट्यांनी टोचले. जानेवारीचं ऊन, दुपारपर्यंत तुकडे वाळले. चुरगळलेली जाळी उघडली. एकेक पान वेगळं झालं. दचकल्यावर हात आवळून विणली गेलेली उजवी बाही ताणून डावीएवढी झाली. रुपेश जेवायला आला तो बाजेपाशी उभाच राहिला. "बाभळीले अशे पानं आले असते तं बकऱ्याइनं सोडले नसते," म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप.

जोडायला ती संध्याकाळच्या उजेडात बसली. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून सुलट्या बाजूनं, एका काठातला एक आडवा धागा, मग दुसऱ्या काठातला, असं शिवत गेली. थोडं शिवलं की धागा हळू ओढायचा, दोन काठ एकमेकांकडे सरकतात आणि आत वळतात. बगलेपासून मनगटाकडे येताना ते आंधळं पान आलं. काठाबरोबर तेही आत वळलं. बाहेरून बघितलं तर काही नाही. बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं.

सोमवारी परीक्षक आला. नागपूरचा, पांढऱ्या केसांचा, गडबड न करणारा माणूस. त्यानं स्वेटर हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"शिवण कुठं आहे ते शोधावं लागलं मला," तो म्हणाला. "चांगलं आहे." मग त्यानं खालचा काठ बघितला. बाहीचा काठ बघितला. "शिक्का कुठं आहे?"

"धुण्यात गेला, सर."

"धुण्यात?"

"जाळी धुवाच लागते. बाईनंच शिकवलं."

"शिक्का नाही म्हणजे माझ्यासाठी हा बाहेरचा तुकडा." आवाज चढला नव्हता. "कोणाकडूनही विणून आणता येतो."

"सलाया द्या सर, आत्ता विणून दाखवतो. हेच पान विणतो तुमच्यासमोर."

परीक्षकानं मान हलवली. "त्यानं तुला विणता येतं हे कळेल. हा तू विणलास हे कसं कळेल?"

बोलणं बरोबर होतं त्याचं. म्हणूनच दीपमालेनं बाईंकडे बघितलं. बाई त्याच टेबलाशी, टॉवेल टाकलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"बाईनं पाह्यलं हाय सर मले विणताना. बाहीत माही एक चूक झाली होती, ते बी त्याइनं पाह्यली. विचारा त्याइले."

परीक्षकानं नुसती मान वळवली. तेव्हा बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसायला घेतला आणि म्हणाल्या, "एवढ्या पोरी होत्या सर. आता कोणाकोणाचं लक्षात ठेवू?"

दीपमालेला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"चूक कुठं आहे? दाखव मला," परीक्षक म्हणाला.

"शिवणीत गेली."

"शिक्का धुण्यात गेला, चूक शिवणीत गेली." त्यानं स्वेटर खाली ठेवला. "सगळंच गेलं की."

मागच्या बाकांवर हसू उठलं. दीपमालेच्या पिशवीत कात्री होती. तिचा हात पिशवीत गेलाही. पण स्वेटर अजून टेबलावर होता, मार्क अजून पडायचे होते, आणि उसवलेल्या बाहीचा स्वेटर म्हणजे अपुरं काम. तिनं हात रिकामा बाहेर काढला. एवढं झाल्यावरही तिला वाटत होतं की बाई आता बोलतील, आता बोलतील.

पुढची मोहिनी. तिचा स्वेटर न धुतलेला, गोळा झालेला, पानं मिटलेली. चारही शिक्के जांभळे, ठळक. परीक्षकानं नाक मुरडलं, पण पास केलं. मोहिनीचा काय दोष? तिनं शिक्का सांभाळला.

जाता जाता परीक्षक दीपमालेला म्हणाला, "केंद्राच्या बाईंनी लिहून दिलं, माझ्यासमोर विणला म्हणून, तर मी पुन्हा बघीन. शनिवारपर्यंत आहे मी इथं. नाहीतर बाहेरून आणलेला अशीच नोंद जाईल."

व्हरांड्यात बाबाराव बिडी विझवून उभा होता. "जयभीम, ताई," म्हणाला आणि इकडेतिकडे बघितलं. "शिक्का उनावर माराचाच नोता. वरून पांढरी फीत आलती. फितीवर नाव, बाईची सही, आणि ते फीत तुकड्याले शिवून टाकाची. पुडकं तसंच हाय कपाटात. फोडलं बी नाई. बाई म्हणे, एवढ्या फिती कोण शिवत बसते, शिक्का पुरे."

"मग सांगा ना साहेबाले."

"मले अजून नोकरी कराची हाय, माय."

आता कळलं ना चष्मा कशासाठी पुसला ते? "हो, माझ्यासमोर विणला" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग फीत कुठाय? एका बाईचा आळस झाकायला दुसरी बाई चोर ठरली.

घरी शकुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि चप्पल घातली. "चाल. तिच्या दारात जाऊन बसतो मी."

"तुम्ही नका येऊ. तुम्ही शिव्या द्याल."

"मग शिव्या काय लोणचं घालाले ठेवल्या हायेत?"

रुपेश म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या साली पुन्हा देजो परीक्षा."

"पुढच्या साली जागा राहीन काय? आणि बाहेरून विणून आणला म्हणून नाव गेलं, ते कोणत्या रिठ्यानं धुऊ?"

शुक्रवारी मेघाताईंचा फोन आला. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्या चिडल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "दीपमाला, मले सोमवारी वर नाव द्या लागते. तुहं देऊ का नको, ते सांग. नावाले असं काई लागलं असन तर मी पोरींसमोर तुले कशी उभी करू?"

"रविवारपर्यंत थांबा ताई."

शनिवारी सकाळच्या एसटीनं ती देवळीला उतरली. बाईंचं घर बसस्टँडच्या मागं. बाई ओट्यावर खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, मांडीवर ताट, ताटात तुरीच्या शेंगा. दीपमालेला बघून त्यांचे हात थांबले आणि लगेच परत चालू झाले.

"ये गं. चहा ठेवू?"

"नको बाई."

"बस तरी."

दीपमाला ओट्याच्या पायरीवर बसली. पिशवीतून स्वेटर काढून तिनं मांडीवर ठेवला.

"बाई, एक ओळ लिहून द्या. माझ्यासमोर विणला एवढंच. साहेब आजचा दिवस हाय."

"तुला कळत नाही दीपमाला. लिहून देणं म्हणजे... उद्या कोणीही येईल, मलापण द्या म्हणून."

"कोणीही नाई. मी."

"मला आठवलं असतं तर दिलं नसतं का मी? तू माझी चांगली विद्यार्थिनी." बाई शेंग सोलत होत्या, दाणे ताटात न पडता खाली पडत होते. "खरंच आठवत नाही गं. वय झालं. किती पोरी, किती तुकडे."

"भाचीची साडी कोणत्या रंगाची घेतली बाई?"

बाईंनी वर बघितलं.

"हिरवी नको म्हणत होत्या तुम्ही. ते माह्या लक्षात हाय."

"हे बघ, घरी येऊन असं बोलायचं नाही."

"फितीचं पुडकं कपाटात हाय ते बी माहीत हाय मले. मी साहेबाले सांगतलं नाई. सांगाले नाई आली. मले फक्त खरं पाह्यजे, माह्या कामाचं."

बाईंचा चेहरा उतरला. पण त्या बोलल्या ते वेगळंच. "चूक होती म्हणतेस ना? कुठं आहे? साहेबांना तर दिसली नाही."

दीपमालेनं पिशवीतून कात्री आणि सुई काढली. उजवी बाही पालथी केली आणि बगलेशी शिवणीची गाठ शोधली. ती शिवण तिनं कशी घातली होती हे तिलाच माहीत, परीक्षकाला शोधावी लागली होती. तिनं गाठ कापली. मग सुईच्या टोकानं एकेक आडवा धागा सोडवत खाली आली, घाई न करता, जशी घातली होती तशीच उलटी. बाई बघत होत्या. शेंगांचं ताट मांडीवरून कलंडत होतं ते त्यांना कळलं नाही. मनगटापर्यंत शिवण निघाली आणि बाही उघडली. आत वळलेले काठ सरळ झाले. दीपमालेनं ती ओट्यावर पसरून दोन्ही हातांनी सपाट केली. पानामागून पान, मनगटापासून बगलेपर्यंत.

कुठलं पान, कुठली बाजू, काही सांगितलं नाही.

बाई वाकल्या. चष्मा नाकावर सरकवला. त्यांचं बोट मनगटाकडून वर गेलं, तीन पानं ओलांडली, चौथ्यावर आलं, उजव्या काठाशी, जिथं भोक हवं होतं आणि नव्हतं, बरोब्बर तिथं, आणि तिथं आल्यावर थांबलं.

दीपमालेनं त्या बोटाकडे बघितलं. मग बाईंकडे.

"मी सांगतलं बी नोतं, बाई, कोणत्या पानात हाय ते."

बाईंनी बोट उचललं नाही.

"साहेब दुपारच्या गाडीनं जाते. पाह्यली होती का नाई तुम्ही हे चूक? हो म्हणा, नाईतर माह्या तोंडाकडे पाहून नाई म्हणा. पण आता बोला."